उंटानं खाल्लेला गूळ

मूळसिंह : पुन्हा सांगा. सावकाश. गूळ कुणी खाल्ला?

भंवरू : उंटानं.

मूळसिंह : कुणाच्या?

भंवरू : माझ्याच, जावईबापू. तो काय बाहेर लिंबाखाली उभाय. चेहरा बघा त्याचा, अजून लाज नाही.

मूळसिंह : आणि उंटानं गूळ खाल्ला म्हणून तुम्ही माझ्या लेकीच्या, उमरावच्या लग्नात मामा?

भंवरू : हो. मायरा घेऊन आलोय, मामाकडचा आहेर. बहिणीला चुनरी, भाचीला पोशाख, तुम्हाला फेटा.

मूळसिंह : थांबा, थांबा. तुम्ही भंवरू खान. माझी बायको चौहानांची लेक. तुम्ही तिचे भाऊ कसे? आणि ते पाणी तरी प्या. मघापासून तांब्या तसाच आहे. आमच्या घरचं चालत नाही का?

भंवरू : नाही चालत.

मूळसिंह : बघा! सायर! अगं ए सायर, बाहेर ये!

(सायर दारात येते. हात हळदीचे.)

सायर : ओरडू नका हो, बायका बसल्यात आत. काय झा... अगंबाई. भंवरू?

भंवरू : ओळखलंस, बाईसा! दाढी पिकली तरी.

मूळसिंह : तू ओळखतेस यांना?

सायर : माहेरी आमच्या पलीकडचं अंगण यांचं. बोरं पाडताना याच्याच दगडानं कपाळ फुटलं माझं. ही खूण.

मूळसिंह : सव्वीस वर्षं मला सांगतेस, पायरीवरून पडले म्हणून!

सायर : याला मार बसू नये म्हणून आईला तसं सांगितलं. मग तेच चालू राहिलं.

मूळसिंह : बरं, ते जाऊ दे. तू म्हणालीस चुलतभाऊ मायरा आणणार. माहेरी गूळ घेऊन गेलीस, त्यांनी घेतला, असं म्हणालीस ना?

सायर : नाही घेतला कुणी. चुलतभाऊ सुरतेला गेलेत, फोन उचलत नाहीत. सख्खा भाऊ एकच, गुमान; तो वारला तेव्हापासून आमच्या घराला कुलूप. भावाला बोलावायला नेलेला गूळ पदरात परत कसा आणू? लाल फडक्यात बांधला, बंद दारापुढे उंबऱ्यावर ठेवला नि पुढची बस पकडली.

मूळसिंह : मग आज कोण येणार होतं?

सायर : मला काय माहीत!

मूळसिंह : अगं, बारा दिवस मामाची गाणी गातेयस तू!

सायर : गात राहिलं तर कुणीतरी येईल, असं वाटलं.

भंवरू : उंट सुटला होता त्या दिवशी. मी धरायला गेलो तर तोंडातून लाल फडकं लोंबतंय. अम्मानं ओळखलं. म्हणाली, सायर बसमधून उतरलेली बघितली मी. ज्याच्या पोटात बहिणीचा गूळ गेला, त्यानं मायरा भरायचा. म्हटलं, अम्मा, पोट उंटाचं आहे. म्हणाली, आणि उंट कुणाचा?

मूळसिंह : माझं डोकं फिरलंय. अहो, चुनरी घालायला कुळातला माणूस लागतो!

भंवरू : कूळ तेच की. आम्ही कायमखानी, पण चौहानच. बादशहाच्या काळात आमच्या पूर्वजानं कलमा पढला, त्याचे भाऊ तसेच राहिले. बाप काय बदलला का? बाईसाच्या घरचे रावजी आमच्याकडेही वंशावळीची वही घेऊन येतात, पोरांची नावं लिहायला. पानं मागे उलटत गेलं की दोन्ही घरं एका नावाशी येऊन थांबतात.

मूळसिंह : नमाज पढणारे चौहान, आणि माझे साळे. आणि तरी आमचं पाणी चालत नाही!

भंवरू : तुमचं कुठे, बहिणीचं. बहिणीच्या सासरचं पाणी पितो होय कुणी?

मूळसिंह : ... काय म्हणालात?

भंवरू : नाही पीत आमच्यात. मी येताना बाटली आणलीय. उंटाला पाजा हवं तर, त्याला काही नाही.

सायर : गुमान पण बाटली आणायचा.

मूळसिंह : हो. जूनच्या उन्हात यायचा. मी चिडायचो त्याच्यावर.

सायर : तुम्हाला पटत नसेल तर मी मामाच्या रिकाम्या पाटासमोर एकटी उभी राहीन. पण याला जा म्हणायचं तर तुम्ही म्हणा. माझ्या तोंडून नाही व्हायचं.

मूळसिंह : टिळा लावून घ्याल?

भंवरू : आजोबा लावून घ्यायचे. मला अजून कुठल्या बहिणीनं बोलावलंच नव्हतं.

मूळसिंह : मांडवात मामाचं नाव, गाव, कूळ मोठ्यानं पुकारावं लागतं. मोठे भाऊ बसलेत तिथे. मी काय पुकारू?

भंवरू : जे आहे ते.

मूळसिंह : जे आहे ते मलाच अजून नीट... बरं. दादा! अहो दादा, पाट मांडा, उमरावचे मामा आलेत! भंवरू खान चौहान! ... हो, खान! ... हो, चौहान पण! ... आधी मला कळू दे, मग तुम्हाला सांगतो!

भंवरू : चल, बाईसा.

सायर : हात धुते, थांब. आणि भंवरू, चुनरी कपाळावर ओढू नकोस. खूण दिसू दे.