मनोऱ्याच्या फोटोत मी का नाही

मी, वय ५७ वर्षे, धंदा पहारेकरी, नेमणूक घड्याळाचा मनोरा, राहणार मनोऱ्यामागची गल्ली, जिन्याखालची खोली, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मनोऱ्यावर रोज सातला दिवे लागतात व लोक फोटो काढायला येतात. माझे काम बॅटरी घेऊन मनोऱ्याभोवती फेऱ्या मारण्याचे. एका फेरीला सहा मिनिटे लागतात. आमचे सुपरवायझर साहेब फाटकाजवळ खुर्चीवर असतात.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री नऊ वाजता वायरमनने मागच्या खोलीला कुलूप लावले. नऊ चाळीसला मला ते तुटलेले दिसले. आतली तांब्याच्या तारेची दोन भेंडोळी गेली होती. बोंब मीच मारली. साहेबांना हलवून उठवावे लागले, कारण ते घोरत होते.

त्याच रात्री समोरच्या गच्चीवरून दातांचे डॉक्टर मनोऱ्याचा फोटो काढत होते. कॅमेऱ्याचा डोळा नऊ पाच ते नऊ पस्तीस उघडाच होता. अशा फोटोत जे जागचे हलत नाही ते उमटते आणि जे हलते ते उमटतच नाही, हलत्या उजेडाची तेवढी रेघ राहते, असे डॉक्टरांनीच मला नंतर समजावले. त्या फोटोला स्पर्धेत पहिला कप मिळाला. फोटोत मनोरा झळकतो आहे, आणि फाटकाजवळ आमचे साहेब, शर्टाची बटणे मोजावीत इतके ठळक. मी कुठेच नाही.

सुरक्षा कंपनीने तोच फोटो टेबलावर ठेवून विचारले, "साहेब ड्युटीवर दिसतायत. तू कुठं उलथला होतास?" मी म्हणालो, "फिरत होतो, म्हणूनच दिसत नाही." सगळे फिदीफिदी हसले. मला कामावरून काढले, वर तारेचा संशयही माझ्यावरच. फोटोत चोरसुद्धा नाही, मग चोरी तरी कशाला झाली म्हणता, असे मी विचारले.

बायको म्हणाली, "तीस वर्षं पायपीट केलीत. एकदा बूड टेकलं असतंत, तर फोटो तरी आला असता!"

मी डॉक्टरांकडे गेलो. माझ्या बॅटरीचा उजेड कुठे गेला, असे विचारले. ते म्हणाले, "हां, मनोऱ्याभोवती पिवळी रेघ होती खरी, चांगली पाचपदरी. घाण दिसत होती." अहो, ती घाण नव्हती, ती माझी नोकरी होती! मूळ फोटो त्यांच्याकडे आहे. तो द्या म्हटले तर म्हणतात, "काका, स्पर्धेत काही पुसायला बंदी आहे. कप परत जाईल माझा. समजून घ्या. वाटल्यास तुमची कवळी फुकट करून देतो." मी म्हणालो, "दात तुम्ही द्याल हो, चणे कोण देणार?" मला रडू आले. ते मी त्यांच्या जिन्यात उरकले.

मी चोर नाही. मूळ फोटो जप्त करून त्यातली रेघ बघावी, एवढेच माझे म्हणणे. रेघ डॉक्टरांनी पुसली.

जबाब मला वाचून दाखवला. शेवटचे वाक्य "रेघ पुसली गेली" असे निघाले. मी म्हणालो, "आपोआप?" लिहिणारे हवालदार म्हणाले, "काका, एवढं चालवून घ्या. आमच्या इन्स्पेक्टर साहेबांची दाढ त्यांच्याकडेच चालू आहे." मी पेन खाली ठेवले. पाऊण तासाने "गेली" खोडून "डॉक्टरांनी" हा शब्द घालून मिळाला. त्या खाडाखोडीवर आधी सही केली, मग इथे.