चेंडू झेलणारा आणि उताणा पाडणारा

नेब्रास्कातल्या एका शाळेच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता आणि वेरना गरम चॉकलेटच्या रांगेत उभी होती. पाहुण्या संघाचा शर्ट तिने कोटाखाली नीट झाकला होता. पुढे यजमान संघातल्या दोन खेळाडूंच्या आयांची जुंपली होती.

"दोघंही टाइट एंड, काम झेलायचं नि अडवायचंही, पण चेंडू झेलतो तो माझा कोल्टन. पेपरात फोटो येतो त्याचा!"

"माझा ब्रॉक समोरच्यांना अडवून धरतो, म्हणून येतो हो फोटो!"

"अगं, पण तुझा दिसतो कुठे?"

"मला दिसतो ना! अख्खा मोसम मी त्यालाच बघतेय. चेंडू कुठे जातो, देव जाणे."

मैदानावर एकच आरोळी उठली. दोघी टाचा उंचावून किंचाळल्या.

"झेलला! झेलला गं माझ्या सोन्यानं!"

"चेंडू सोड! तो साठ नंबरचा धिप्पाड बघ, ब्रॉकनं उताणा पाडलाय!"

दोघी गळ्यात गळे घालून नाचू लागल्या. वेरनाला त्यांच्यापलीकडचं काही दिसेना.

"अहो, तो साठ नंबर... उठला का?"

"उठला की! आणि उठल्या उठल्या ब्रॉकलाच ढकलतोय, मेला!"

"मग माझाच तो!" म्हणत वेरनाने कोटाची सगळी बटणं उघडून टाकली.