पाखऱ्याच्या कपाळाचा चांद

अगं, त्या पोराच्या हातातला तांब्या काढून घे आधी! पाय धुतोय बघ, राजासारखा! घागरी लावा ओळीनं आणि बसा सगळे इथं. टँकर यायला अजून तासभर आहे. तोवर ऐका. आपल्या भैरू जगदाळ्याचं आहे हे. त्याच्या माझ्या घराची भिंत एकच, त्याच्याकडं चूल पेटली की ठसका मला लागतो. त्यामुळं सांगते ते खरंच समजा.

त्या वर्षी आषाढ निम्मा सरत आला तरी पावसाचा पत्ता नाही. विहिरी कोरड्या ठणठणीत. प्यायला एकच, नदीतला जाईचा डोह. तोही कमरेएवढा. मग गावात दवंडी फिरली. अंगणात सडा घालायचा नाही. फटफटी धुवायची नाही. डोहात जनावर घालायचं नाही. बेंदराच्या सणाला बैल ओल्या फडक्यानं पुसायचे, बस्स! सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात भैरूनं डोलावली, मी समोरच होते ना!

पण मनात त्याच्या भलतंच. बेंदराला वेशीतल्या तोरणाखालनं पहिली जोडी कुणाची जाणार, त्यावर त्याचा सगळा जीव. गेल्या साली तो मान कोंडिबानं नेला. यंदा भैरूची जोडी तयार होती. हौश्या पांढरा. पाखऱ्याही पांढरा, पण त्याच्या कपाळावर काळाभोर चांद, हा एवढा, बशीएवढा! पाखऱ्याची आई तो जन्मला त्याच दिवशी मेली. भैरूनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. लेकरूच म्हणा ना.

तर बेंदराच्या आदल्या रात्री जेवणं झाली, आणि भैरूनं बैल सोडले.

"कुठं निघालाय?" इंदूनं, त्याच्या बायकोनं विचारलं.

"वैरण बघून येतो."

"वैरण बघायला बादली लागती व्हय?"

मी भिंतीपलीकडं भांडी राखेनं घासत होते. कान काय बंद करता येतात का माणसाला?

भैरू तसाच बैल घेऊन मागच्या वाटेनं नदीकडं निघाला. घुंगरं वाजू नयेत म्हणून दोन्ही बैलांच्या गळ्यातल्या माळांना त्यानं फडकी गुंडाळली होती. चांदणं टिपूर. डोहाशी आला. बघतो तर काठाच्या दगडावर एक माणूस उकिडवा बसलेला. आपलेच हात धुतोय. चोळतोय, धुतोय. चोळतोय, धुतोय.

भैरूला वाटलं, सापडलो! पण तो माणूस म्हणाला, "आलास व्हय? मला वाटलं, यंदा कुणीच येत नाही. आण, एक बैल तू धू, एक मी धुतो."

भैरूला हायसं वाटलं. आपल्यासारखाच कुणीतरी चोर! पाखऱ्याला त्याच्याकडं दिला अन् आपण हौश्याला घेऊन पाण्यात शिरला.

आणि काय धुतलं हो त्यानं! शेणाचे डाग गेले. चिखल गेला. पाखऱ्या चांदण्यात नुसता चमकायला लागला. भैरू खूश! म्हणतो, "पाव्हणं, हात आहे का काय! कोंडिबाची उद्या जिरलीच."

"अजून मळ आहे," तो म्हणाला. आणि घासत राहिला.

जरा वेळानं भैरूनं मान वळवली. कपाळावर चांद नाही! पुसून गेलेला! पांढरंफटक कपाळ!

"अहो, तो मळ नव्हता! जन्माचा डाग हाय त्यो!"

"निघतो. सगळं निघतं," तो म्हणाला. आता गळ्यातली माळ घासायला लागला. वरचं फडकं गळून पाण्यात पडलं. पाखऱ्यानं भिऊन मान झटकली. घुंगरं हलली, पण वाजली नाहीत! आवाज धुतला, बाई, त्यानं आवाज धुतला!

भैरू खाली बघतो तर काय? बैल दोन, आणि सावली एक! पाखऱ्याची सावली पाण्यावरनं काळ्या शाईसारखी वाहत चालली होती. पाखऱ्या हंबरायला गेला. तोंड उघडलं, हंबरणं नाही. कडेकडेनं विरळ व्हायला लागला बघा तो बैल. त्याच्या पोटातनं पलीकडचा दगड दिसायला लागला!

"सोड माझ्या बैलाला!" भैरू ओरडला.

तो वळला. पहिल्यांदाच त्याचे हात नीट दिसले. कोपरापर्यंत काळेठिक्कर. "माझंच तेवढं निघत नाही रे," तो म्हणाला. "ये, आता तुझी पाठ चोळतो. नाव काय तुझं?"

भैरूनं सांगायला तोंड उघडलं. नावच आठवेना! स्वतःचं नाव! त्या गार हाताचं एक बोट खांद्याला लागलं होतं नुसतं.

मग काय सुचलं त्याला, देव जाणे. खाली वाकला, काठाचा चिखल ओंजळभर उचलला आणि थापला पाखऱ्याच्या कपाळावर! पाठीवर! पोटावर! शेण दिसलं, शेण फासलं. स्वतःच्या तोंडाला फासलं, खांद्याला फासलं. आणि एकदम पाखऱ्या हंबरला! सावली पायाखाली आली. घुंगरं खणखणली. "भैरू! भैरू जगदाळे!" तो आपलंच नाव बोंबलत सुटला, दोन्ही बैलांच्या मधनं, गावाकडं.

मागनं बादली ओतल्याचा आवाज. सपकन! "मळलास रे… धुतो, ये…" सपकन! अगदी पाठीशी! भैरूनं वळून पाहिलं नाही. थेट गावाच्या उकिरड्यात घुसला, गुडघाभर. आणि आवाज तिथंच थांबला. तेवढ्या घाणीत यायची काय बिशाद त्याची!

पहाटे मी केर टाकायला गेले, तर उकिरड्यावर भैरू, दोन्ही बैलांच्या गळ्यात हात टाकून. मी म्हटलं, "काय रं, बेंदराची तयारी झाली का?" तर रडायलाच लागला. तिथंच सगळं मला सांगितलं. मग त्यानं स्वतः चावडीवर जाऊन कबूल केलं.

म्हातारी माणसं म्हणाली, फार मागच्या दुष्काळात एकानं असाच चोरून डोहात घोडा धुतला होता. ते पाणी पिऊन गावातली पोरं दगावली. तेव्हापासून धुतोय तो, हात आपले.

बेंदराला भैरूची जोडी सगळ्यात शेवटी गेली. चिखलानं बरबटलेली. लोक हसले. भैरू मात्र पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून चालला होता, आणि खाली नुसती त्याची सावली बघत होता. चांद काही परत आला नाही. उद्या गोठ्यात जाऊन बघा, कपाळ कोरंच आहे.

म्हणून सांगते, पाण्याची टंचाई असली की सूर्य बुडाल्यावर त्या डोहाच्या वाटेला जायचं नाही. बादली घेऊन तर नाहीच नाही.

ते बघा, दिवे दिसले, टँकर आला! उठा, घागरी धरा. आणि तू रे, तांब्यावाल्या, राहू देत पाय तसेच मळके. घरी नीट पोचशील.