अंगणातलं कुर्डू

बारामती स्टँडवर इंदापूर गाडीची रांग हलत नव्हती, पण जयवंताचे कान पुढच्या दोन म्हाताऱ्यांकडं लागले होते.

"पुतळाबाई, सणसरला कशापायी?"

"लेकीच्या बांधावर छातीएवढं कुर्डू हाय. त्याचं बी आणायला."

"कुर्डूचं? जल्मभर खुरपून फेकलं की आपण ते!"

"मास्तरीण सूनबाईनं हौसेनं अंगणात लावलं हुतं. गुलाबी तुरं आलं हुतं."

"मग?"

"काल ती शाळंवर गेली, मी खुरपं घिऊन उन्हाला बसले. उठले तवा अंगण साफ!"

"अगं बया! भांडली?"

"न्हाय. 'आत्या, हात लई चालतो तुमचा,' म्हणली आन आत जाऊन रडली."

"आता पेरणार कोण?"

"मीच, पावसाळ्यात."

"आन खुरपं?"

"तिच्या कपाटात. मी मागितली तरी किल्ली दिऊ नगं म्हणलंय."