सव्वादोनच्या बांगड्या

दिवाळी चार दिवसांवर आलेली. सोलापूरच्या स्टँडवर भुवनेश्वरी सांगोल्याच्या गाडीची वाट बघत बसली होती. दुकानदारानं "कुणालाबी चालतंय" म्हणून गळ्यात मारलेले सुक्या मेव्याचे सहा एकसारखे डबे मांडीवर घेऊन ती त्यांच्यावर नावं लिहीत होती. शेजारी एक सासू-सून खरेदीची पिशवी उपसत होत्या.

"आत्या, ह्या हिरव्या बांगड्या कुणाला?"

"माज्या थोरल्या जावंला."

"थोरल्या आत्यास्नी? दोन वर्सं झाली, तुमी बोलत न्हाई त्यांच्यासंगं!"

"मग सणाला तिचं हात रिकामं ठिवायचं व्हय?"

"पर ह्या सव्वादोनच्या हायत. त्यास्नी अडीचच्या लागत्यात की."

"लागत हुत्या."

"तुमाला काय म्हाईत?"

"उन्हाळ्यात टँकर आलता, तवा तिनं घागर डोक्यावर घेतली. बांगड्या पार कोपरापतुर घरंगळल्या. लई वाळलीया गं."

पाचव्या डब्यावर कुणाचं नाव लिहायचं होतं, ते भुवनेश्वरी विसरली.

"आन् तुमी त्यांच्या हाताकडं बघत हुता?"

"रांगेत माज्या म्होरंच हुती. मग कुटं बघू?"

"बरं, द्या माज्याकडं. मी नेऊन दिते."

"नको. मीच जाणार हाय."

"जाऊन बोलणार काय त्यांच्यासंगं?"

"बोलायचं कशाला, दिपे? बांगड्या भरायच्या हायत. त्याला नुसता हात धरावा लागतो."