कुंडीमागची माणसं

—आत्याला फोटोत परत बसवायचं? बसवू की! आजोबांशेजारी कुंडी दिसतेय ना, तिथेच होती ती. कुंडी माझी. हसताय काय, या भागातल्या निम्म्या घरांच्या फोटोत हीच कुंडी आहे! कोणाची मुलगी नवऱ्याला सोडून आली, लाव कुंडी. कोणी मनासारखं लग्न केलं, लाव कुंडी. ब्लेडनं माणूस कापायचा, कुंडी चिकटवायची आणि फोटोचा पुन्हा फोटो काढायचा. तुमचे आजोबा याच स्टुलावर बसून म्हणाले होते, "ही आमची कोणी नाही." आणि आता तुम्ही म्हणता, आत्याचा सत्कार आहे, फोटो मोठा करून द्या! चाळीस वर्षांत माणसं कशी फिरली बघा — म्हणजे मीसुद्धा हो! गेल्या वर्षी नात नवऱ्याला सोडून आली, तेव्हा टेम्पो घेऊन सामान आणायला कोण गेलं? हा म्हातारा! फ्रिज उचलताना कंबर धरली, पण त्या गाढवाच्या घरात तिचा एक चमचा ठेवला नाही.

काळजी नको, निगेटिव्ह आहे. सगळ्यांच्या आहेत, या बिस्किटांच्या डब्यांत. लोक म्हणायचे जाळून टाका, मी हो म्हणायचो आणि ठेवून द्यायचो — मोठं मन वगैरे काही नाही, आळस! जाळली ती एकच. कोणाची? जाऊ द्या... बहिणीची. माझ्या सख्ख्या. तीही अशीच आली होती, कडेवर पोर घेऊन. छे, वडिलांनी नाही सांगितलं! वडील तर म्हणत होते, राहू दे तिला. मलाच घाई — दुकानात चार लोक येतात, काय म्हणतील? तिला घालवली, घरातले सगळे फोटो कापले, आणि वडील महिनाभर अल्बम चाळत बसले. कोणी सांगितलं नव्हतं हो मला. कोणीच नाही.

ती वारली त्याला दोन महिने झाले. ते कडेवरचं पोर आता फोन करतं — मामा, आईचा तरुणपणीचा एक तरी फोटो द्या ना. मी म्हणतो, शोधतोय, डबे फार आहेत. लाज? वाटते ना, म्हणून तर खोटं बोलतो.

हा बघा, भाचीचाच फोन. नाही, उचलत नाही. वाजू दे.

तुमची आत्या शनिवारी न्या. निघा आता — आणि जाताना दार ओढून घ्या.