किडनीचा एवढासा तुकडा
तळेगावच्या दवाखान्यात अमृता नंबराची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर आंबी गावचं एक म्हातारं जोडपं कुजबुजत होतं, पण ती कुजबुज साऱ्या खोलीला ऐकू जात होती.

“लीले, तपासायला किडनीचा तुकडा काढत्यात, त्यातलाच जरा अभ्यासाला मागत्यात. सरकारनं पैसं दिल्यात त्यासाटी.”

“माज्या किडनीत एवढं काय बघायचंय?”

“परत्येकाची येगळी असती म्हनं. ज्येला जे सोसंल, त्येला त्येच औषध.”

“चाळीस वर्सांत तुमी माजं ऐकलं न्हाई, आन् सरकार माज्या किडनीचं ऐकनार व्हय?”

अमृतानं हसू ओढणीत दाबलं.

“चेष्टा पुरं. द्यायचा का न्हाई?”

“आपल्या सविताला किडनीच्या दुखण्यात तवा असं येगळं औषध भेटलं असतं, तर पोरगी आज हितं बसली असती.”

म्हाताऱ्यानं घडी घातलेला कागद उलगडून तिच्यापुढं धरला.

“सही कुटं करायची, इचारा. आन् तुकडा जरा मोटाच घ्या म्हनावं.”